शेवटच्या प्रकरणातली शांतता

१

शेवटच्या प्रकरणात कोणीच बोलत नव्हतं.

मी आधी हेडफोन काढून त्यात फुंकर मारली. मग वायर हलवून पाहिली. मग आवाजाचं बटण पार टोकाला नेऊन फाईल मधूनच पुन्हा लावली. काही नाही! फाईल जागच्या जागी होती, नाव बरोबर होतं, लांबी भल्यामोठ्या प्रकरणाला शोभेल एवढी होती. पण पडद्यावर जिथे मास्तरांच्या आवाजाचे चढउतार दिसायला हवेत, तिथे सरळ आडवी रेघ. "अगं बाई!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आमचं काम आधी सांगते, म्हणजे मी उगाच गळा काढत नाहीये हे कळेल. वाचनालयाच्या माडीवर आमच्या दोन खोल्या आहेत. जगभरातल्या जुन्या, गाजलेल्या, उशीएवढ्या जाड कादंबऱ्या कोणीतरी सोप्या मराठीत पुन्हा सांगितलेल्या असतात, त्या आम्ही मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतो. ज्यांना दिसत नाही, ज्यांच्या हातात पुस्तक धरण्याचं बळ उरलेलं नाही, जे दवाखान्यात छताकडे बघत पडलेत, त्यांच्यासाठी. कोणी कोणाला एक पैसा देत नाही. दातांची डॉक्टरीणबाई जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून येते. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारा, भारदस्त आवाजाचा म्हणून आम्ही ज्याला 'खर्ज' म्हणतो तो, दिवसभर ओरडून झाल्यावर इथे येऊन पुन्हा घसा वापरतो. मी इथली व्यवस्थापक, म्हणजे सगळ्यांवर ओरडणारी. पण खरं सांगते, इतकी वेडी आणि इतकी चांगली माणसं मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाहीत.

आतली खोली पूर्वी अडगळीची होती. भिंतींना जुन्या रजया ठोकून आम्ही तिची 'पेटी' केली. तिला खिडकी नाही, काच नाही. वाचणारा आत जातो, दार लावतो, स्वतःच यंत्र सुरू करतो आणि बाहेर लाल दिवा लागतो. वाचताना चुकलं की थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायचं. टाळीचा सुळका पडद्यावर लगेच दिसतो, त्यामुळे चुका कापणाऱ्या आमच्या 'कात्री'ला चूक शोधत बसावं लागत नाही. आमच्याकडे नवीन माणूस आला की आधी टाळी शिकतो, मग वाचायला.

आणि मास्तर! जन्मभर शाळेत भाषा शिकवली. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, नजर कैक वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी हा माणूस बायकोला वाचून दाखवायचा. त्यातूनच ते आमच्याकडे आले. पेटीत जाताना त्यांच्या एका हातात सुटी पानं आणि दुसऱ्या हातात गरम पाण्याचा थर्मास. ते वाचायला लागले की मी बाहेर बसून काम विसरायचे.

या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मास्तरांनी काकूंना शब्द दिला, "ही एक कादंबरी पुरी वाचून मगच जातो." खोट्या आळामुळे गाव सोडलेल्या एका घड्याळजीची गोष्ट. तो आयुष्यभर भटकून म्हातारपणी आपल्या घराच्या दाराशी येतो, तिथे ती संपते. एकेक प्रकरण झालं की काकू ते न कापलेलंच मागवून घ्यायच्या, टाळ्यांसकट. "तो कुठे चुकला तेही मला ऐकायचंय," असं म्हणायच्या.

काल दुपारी मास्तर शेवटचं प्रकरण वाचायला पेटीत गेले होते. उद्या सकाळी ते दवाखान्यात भरती होणार होते. आणि आज माझ्यासमोर ही रेघ होती.

मी घरी फोन लावला आणि म्हटलं, "आई, तुम्ही आत्ताच्या आत्ता या."

२

सासूबाई काठी टेकत, माझ्या नावाने बोटं मोडत जिना चढून आल्या. बगलेत विणकामाची पिशवी.

आमच्या सासूबाईंनी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात हयात घालवली. जळालेल्या गोदामासमोर उभा असलेला मालक रडतोय की रडायचं सोंग करतोय, हे त्या म्हणे दुरून सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना, म्हणून मी त्यांना इथे आणलं आणि पस्तावले. त्या आमच्या 'ऐकणाऱ्या'. पुस्तक समोर धरून प्रत्येक ध्वनिफीत ऐकायची आणि वाचणाऱ्याने कोणता शब्द खाल्ला ते सांगायचं. भाजीत मीठ कमी पडलं की जशा सांगतात, अगदी तशाच.

"यंत्रातली मूळ प्रत?" त्यांनी बसायच्या आधी विचारलं.

"कात्रीने काल संध्याकाळी संगणकात घेतली आणि यंत्र रिकामं केलं. रोजच करतो."

"संगणकाला कुलूपबिलूप?"

"आई, आम्हा सगळ्यांत मिळून एक डोकं आहे, आणि ते पासवर्ड विसरतं. उघडाच असतो."

"म्हणजे कोणीही यावं आणि पुसून जावं. छान व्यवस्था आहे हो तुमची! बोलाव सगळ्यांना."

काल मास्तरांनंतर इथे तिघंच येऊन गेले होते. आधी आली डॉक्टरीणबाई, हाताला अजून रबराचा वास.

"मास्तरांचा आवाज घासतोय, हे पुस्तक दुसऱ्याला द्या, असं तुम्ही मीटिंगमध्ये म्हणाला होतात," सासूबाईंनी सुरुवातच तिथून केली.

"म्हणाले होते आणि अजून म्हणते. त्यांच्या घशाला ताण बसत होता, मला बघवत नव्हतं." तिने आपली टॅबलेट छातीशी धरली होती. ती कागदावरून वाचतच नाही, सगळं त्या पाटीवरूनच. "पण पुसून टाकीन? माई, मी लोकांचे किडके दात काढते ना, तेसुद्धा विचारून काढते."

सासूबाईंच्या सुया हलत राहिल्या. "काल काय केलंत?"

"माझं प्रकरण वाचलं, संगणकाकडे ढुंकूनही न बघता पळाले. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता."

मग खर्ज आला. हा एवढा धिप्पाड गडी की पेटीतली खुर्ची याला पुरत नाही, म्हणून तो कायम उभ्यानेच वाचतो.

"घड्याळजीची कादंबरी आधी तू मागितली होतीस," सासूबाई म्हणाल्या. "मिळाली नाही म्हणून आठवडाभर तोंड फुगवून होतास."

"होतो की! लपवतो कशाला?" त्याच्या आवाजाने कपबशा थरथरल्या. "पण मास्तरांचं पहिलं प्रकरण ऐकलं आणि आपली जिरली. त्या घड्याळजीची बायको त्यांनी अशी वाचलीय माई, की मला माझी आई आठवली. मी वाचली असती तर ती बसस्थानकावरची बाई झाली असती." तो जरा घुटमळला. "एक तक्रार मात्र आहे. पुस्तक घेण्याआधी आपण एक पान नमुन्याला वाचतो ना? कोणी पहिलं वाचतं, कोणी मधलं. मास्तर कायम शेवटचं पान वाचणार! 'शेवट झेपला तर पुस्तक झेपेल' म्हणे. आम्ही तिघं नमुना ऐकायला बसलेलो, आम्हाला शेवट आधीच कळून बसला. सगळी मजा घालवली त्यांनी."

"बरं, बरं. जा आता, तुझ्या गाड्या खोळंबल्या असतील."

तो गेल्यावर मी उगाच ती फाईल पुन्हा उघडली, पडद्यावर मोठी केली. रेघ अगदी सपाट नव्हती. अगदी सुरुवातीला, डाव्या कडेला चिकटून काही सुळके होते. उंच, टोकदार. असे सुळके मी रोज बघते.

"आई," मी म्हटलं, "यात टाळ्या आहेत. फक्त टाळ्या. कोणीतरी मास्तरांचा आवाज तेवढा पुसलाय."

आवाज पुसून बाकीचं ठेवणारा प्रोग्रॅम आमच्यात एकालाच चालवता येत होता.

३

कात्री दिवसा बँकेत असतो आणि सुट्टीच्या वेळात आमच्याकडे चुका कापतो. अबोल माणूस. लोकांचे श्वास, खोकले, पोटातली गुरगुर, सगळं इतक्या हळुवारपणे काढतो की वाचणाऱ्याला वाटतं आपण मुळातच छान वाचलं. गेल्या महिन्यात त्याने कुठूनसा नवा प्रोग्रॅम आणला होता. पंख्याची घरघर द्या, ती जाते. कुत्र्याचं भुंकणं द्या, तेही जातं.

"मग माणसाचा आवाजही जात असेल!" मी त्याच्यावर चढलेच. माझं डोकं फिरलं की मला मागचंपुढचं दिसत नाही. "काय केलंस तू? उद्या त्यांचा घसा कापणार आहेत, कळतंय का तुला? आता कोण वाचणार ते प्रकरण?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी फक्त यंत्रातून फाईल घेतली. उघडलीसुद्धा नाही."

"मग आवाज गेला कुठे? पंख लावून उडाला?"

त्याने खिशातून माडीची किल्ली काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या हातून चुकून झालं असेल तर मी स्वतःला माफ नाही करणार. पण मला आठवत नाही हो." मग तो जिना उतरून गेला. पायऱ्यांवर त्याच्या चपलांचा आवाज येत होता आणि मला माझीच लाज वाटायला लागली होती.

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "झालं समाधान? चांगला सोन्यासारखा माणूस घालवलास."

"आई, टाळ्या तुम्ही बघितल्यात ना?"

"बघितल्या. तूही बघितल्यास. खर्जाला दाखवल्या असत्यास तर त्यानेही बघितल्या असत्या. ऐकलं कोणी?"

"काय ऐकायचं त्यात? मधली दोन मिनिटं ऐकली मी. शांतता आहे."

"सूनबाई, तुम्हा लोकांना खोडच लागलीय. ध्वनिमुद्रण करायचं आणि डोळ्यांनी बघत बसायचं. सुळका दिसला की चूक, रेघ दिसली की काही नाही. दे इकडे ते कानातलं."

"सगळं ऐकणार? अख्खं प्रकरण?"

"मास्तरांचं प्रकरण आहे. मी त्यांचं एकही सोडलेलं नाही."

आणि ती बाई बसली. त्या सपाट शांततेतली मिनिटामागून मिनिटं, डोळे मिटून, सुया हलवत. मध्ये मी चहा ठेवला, तो गार झाला. एकदा त्यांच्या सुया थांबल्या. मग पुन्हा चालू झाल्या, पण सावकाश. बऱ्याच वेळाने पुन्हा थांबल्या आणि त्यानंतर हलल्याच नाहीत. माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येतंय. या बाईला मी सासऱ्यांच्या आजारपणातही रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढला आणि पदराने डोळे पुसले.

"त्या कात्रीला फोन कर आणि माफी माग," त्या म्हणाल्या. "कोणी काही पुसलेलं नाही. हे प्रकरण वाचलंच गेलेलं नाही."

४

मास्तरांच्या घराकडे चालताना त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. मी त्यांचा हात धरला होता, पण खरं तर त्याच मला ओढत नेत होत्या.

"हे बघ. शांततेत कागद सरकत होते. एक पान जातं, मग एका पानाला लागेल तेवढा वेळ, मग दुसरं पान. शेवटपर्यंत. म्हणजे आत कोणीतरी पानं घेऊन बसलं होतं. डॉक्टरीणबाई असती तर कागद कुठला? खर्ज असता तर खुर्ची करकरली नसती, आणि ती करकरत होती. शिवाय मधूनमधून थर्मासचं झाकण फिरत होतं."

"मास्तर," मी म्हटलं.

"मास्तरच. आता टाळ्यांचं बघ. आवाज पुसला असता तर टाळ्या सगळीकडे विखुरलेल्या राहिल्या असत्या. माणूस काय फक्त पहिल्याच पानावर चुकतो? इथे सगळ्या टाळ्या सुरुवातीलाच आहेत, एकीला लागून एक. प्रत्येक टाळीच्या आधी नुसता श्वास. त्यांनी वाचायला तोंड उघडलं, आवाज आला नाही, टाळी वाजवली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा टाळी. असं कितीदा तरी. आणि मग टाळ्या थांबल्या."

काल दुपारी मी त्या दाराबाहेर बसले होते. लाल दिवा जळत होता. मास्तर बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "झालं?" आणि त्यांनी मान हलवली. गेले काही दिवस ते कोणाशीच बोलत नव्हते. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आवाज फक्त वाचनासाठी राखून ठेवा. त्यामुळे कोणाला शंका येणार कशी? मला तर इतकं भरून आलं होतं की मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही.

"पण मग बसले कशाला तेवढा वेळ? उठून यायचं की बाहेर!"

"दिवा लवकर विझला असता तर तू विचारलं असतंस. अख्खी लांबी भरली म्हणजे उद्या आपण म्हणणार, यंत्राने खाल्लं. मास्तरांनी वाचलं होतं हो, पण नशीब. काकूंनाही तेच कळणार. शब्द पाळला, यंत्राने दगा दिला." त्यांनी काठी जोरात टेकली. "यंत्राचा दोष माणसावर येईल, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. तुझ्यासारखी तोंडाळ सून त्यांना नाही ना."

मास्तरांनी दार उघडलं. आम्हाला पाहताच त्यांचे डोळे खाली गेले. काकू आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, दवाखान्यात न्यायच्या. सासूबाईंनी आवाज अगदी खाली आणला.

"मास्तर, मी शेवटचं प्रकरण ऐकलं. पूर्ण ऐकलं. तुम्ही एकही पान गाळलं नाहीत."

मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि एक टाळी वाजवली. एकच, हळू. आमच्याकडे सगळ्यांना तिचा अर्थ कळतो. चुकलो.

"कात्रीवर आळ आला होता," सासूबाई म्हणाल्या. "आता नाहीये. तेवढ्यासाठी आले मी. बाकी तुमच्या घरात मी काही बोलणार नाही."

कात्रीचं नाव ऐकलं मात्र, मास्तरांनी कपाळाला हात लावला. ज्या माणसाने खोट्या आळाची कादंबरी एवढा जीव ओतून वाचली, त्याच्याच हातून हे झालं होतं. ते नुसत्या श्वासात काहीतरी म्हणाले. ओठांवरून मला एवढंच कळलं, "तिला सांगू नका."

"काय सांगू नका?" दारातून काकूंचा आवाज आला.

त्या चौकटीला धरून उभ्या होत्या, हातात मास्तरांचा घडी घातलेला सदरा.

"आवाज गेला ते ना?" काकू म्हणाल्या. "मला माहीत आहे."

५

"रोज पहाटे हे मोरीचं दार लावून घेतात आणि दुपारी वाचायचं असेल ते हळूहळू म्हणून बघतात," काकू सांगायला लागल्या. "यांना वाटतं मी झोपलेय. इतकी वर्षं यांचा आवाज ऐकत दिवस काढलेत मी, तो कधी थांबला ते मला कळणार नाही? काल मोरीतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. तरी हे दुपारी थर्मास भरून निघाले. मी म्हटलं जाऊ दे. जाताना पाय किती ठाम पडत होते यांचे! अडवलं असतं तर यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं."

मास्तर तिथल्या स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आवाज न करता. काकूंनी चाचपडत त्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"शेवट नाही कळला तर नाही कळला," त्या म्हणाल्या. "घड्याळजी घरी पोचला असं मी आपलं धरून चालेन."

पण त्यांचा आवाज हलला. शेवट त्यांना हवा होता. तोही यांच्याच आवाजात हवा होता आणि आता तो कुठून आणणार? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. दाव्याचा कागद हातात आला की त्या कशा दिसत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

मला दाराबाहेर रस्त्यावर ओढून त्या म्हणाल्या, "सूनबाई, नमुन्यांच्या फिती तुम्ही फेकून देता की ठेवता?"

"ठेवतो. संगणकात एका कोपऱ्यात पडलेल्या असतात. कोण ऐकतंय परत..." आणि मी तोंडावर हात ठेवला.

खर्जाची तक्रार! मास्तर नमुन्याला कायम शेवटचं पान वाचतात. या कादंबरीचा नमुना त्यांनी दिला होता, तेव्हा घशात गाठ आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी तिथूनच कात्रीला फोन लावला. आधी माफी मागितली. खरी, मनापासूनची, रस्त्यावरची माणसं बघत होती तरी. तो म्हणाला, "वहिनी, ते राहू द्या, किल्ली टेबलावरच आहे ना?" असा माणूस! मग त्याने डॉक्टरीणबाईला फोन केला, तिने खर्जाला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळे माडीवर हजर. डॉक्टरीणबाईने पेशंटांना परत पाठवलं होतं. खर्जाने आपल्या जागी दुसऱ्याला घोषणांना बसवलं होतं आणि तो म्हणे चुकीच्या गाड्या सांगत होता.

प्रकरणाची पानं आम्ही वाटून घेतली. डॉक्टरीणबाई पेटीत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदावरून वाचलं, कारण ती पानं मास्तरांची होती, कडेला त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. खर्ज खुर्चीवर बसून वाचायला गेला, खुर्ची कशीबशी टिकली. त्याने आवाज इतका खाली ठेवला की मी बाहेरून दार तपासलं, आत कोण आहे म्हणून. कात्री कधीच वाचत नाही, त्यानेही एक पान वाचलं, अडखळत, टाळ्यांवर टाळ्या वाजवत. मलाही अर्धं पान मिळालं. सासूबाईंनी बाहेर येताच माझ्या दोन चुका सांगितल्या.

शेवटच्या पानाला मात्र कोणी हात लावला नाही. कात्रीने तिथे नमुन्याची फीत जोडली. काही कापलं नाही, काही पुसलं नाही.

आम्ही सगळेच मास्तरांकडे गेलो. एवढ्याशा खोलीत मावत नव्हतो, खर्ज दारातच उभा राहिला. मास्तर आत येणाऱ्या कात्रीसमोर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. कात्री इतका ओशाळला की त्याला स्पीकरची वायर कुठे लावायची ते सुचेना.

प्रकरण सुरू झालं. काकू जमिनीवर बसून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. प्रत्येक नव्या आवाजाला त्या हसून मान डोलवायच्या. "ही दातवाली. हा गाड्यांचा. अगंबाई, ही तू! घाई करतेस हो जरा." मास्तर त्यांच्या शेजारी बसले होते, हात मांडीवर घट्ट धरून. नमुन्याचं त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

मग एक पान संपलं, आणि मास्तरांचा आवाज आला.

भरलेला, स्वच्छ, घाई नसलेला. घड्याळजी गल्लीत शिरतो. आपल्या घरापाशी येतो. हात उचलतो, पण दार ठोठावायचा धीर होत नाही. तो तिथेच उभा राहतो. आणि आतून त्याची बायको म्हणते, "दार उघडंच आहे. तुम्ही गेलात त्या दिवसापासून."

फीत संपली. मास्तर स्वतःच्याच आवाजाकडे, त्या एवढ्याशा डब्याकडे, टक लावून बघत होते. दारात खर्ज हुंदके आवरत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

काकूंनी दोन्ही हात वर केले आणि एक टाळी वाजवली.

आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. सासूबाई पुढे वाकल्या. "काय हो काकू, कुठे चुकलं? मला तर काही सापडलं नाही."

"कुठेच नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी चाचपडत मास्तरांचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. "पण टाळी वाजली की पुन्हा वाचायचं असतं ना?"

कात्रीने फीत मागे घेतली.